भिंतीवरून उतरलेला परवाना

हमॉक बेट, साउथ कॅरोलिना
३ फेब्रुवारी १९९१

व्हर्नेटा पोरी,

तुझी आजी एव्हलिना बोलते आहे आणि आमच्या चर्चची चिटणीस आर्डेल लिहिते आहे. मी तिला बजावलंय, मी बोलेन तेच उतरव, त्यावर इस्त्री फिरवू नकोस. (जमेल तेवढं करते आहे. – आर्डेल)

लीथा फ्रिपची दृष्टी गेली. एकदम नाही गेली. आधी सुईत दोरा जाईना. मग परवा चर्चमध्ये माझ्याऐवजी डीकन आयझमच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "एव्हलिना, तू जाडी झालीस." आयझम अजून त्या धक्क्यातून सावरलेला नाही.

हसून झालं. आता पुढचं ऐक. लीथाची मुलगी तिला फिलाडेल्फियाला नेते आहे, म्हणजे घर आणि खाडीपर्यंतची जमीन विकणं आलं. त्या जमिनीच्या टोकाला, पाण्याकाठी कोण कोण झोपलंय ते तुला सांगायला नको. तुझा आजोबा आहे, तुझी आई आहे, तुझा नवरा अलोन्झो आहे. पलीकडच्या बेटावर कंपनीने गोल्फचं मैदान केलं आणि रस्त्याला फाटक घातलं. ग्रेसीला आता नवऱ्याच्या थडग्यावर जायचं तर पहारेकऱ्याकडून पास घ्यावा लागतो. तसल्याच कंपनीचा एक कोरलेल्या दाढीचा माणूस लीथाकडे संत्र्यांची टोपली घेऊन येऊन गेला. संत्री आम्ही खाल्ली. सही तिने केली नाही.

लीथाचं म्हणणं एवढंच आहे: जो इथे राहील त्यालाच विकीन, आणि पाण्याकाठची वाट सगळ्यांना मोकळी ठेवीन असं त्याच्याकडून वदवून घेईन. हे करून देणारं भरवशाचं माणूस हवं. रविवारी प्रार्थना संपली तशी मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "परकी माणसं कशाला शोधता? घरं-जमिनी विकायचं लायसन माझ्या नातीकडे आहे. तुझ्या-माझ्यासारखं तोंडी नाही, काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेलं. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

चर्चमध्ये उभं राहून बोललेलं आपल्याकडे मागे घेता येत नाही. तेव्हा तू ये.

तुझी,
आजी

*

कोलंबिया
१९ फेब्रुवारी १९९१

आजी,

पत्र मिळालं. लीथाआजीचं वाचून वाईट वाटलं. तिला माझा नमस्कार सांग.

इथे सध्या कामं फार आहेत. मला इतक्यात बेटावर येणं जमेल असं दिसत नाही. ब्यूफर्टमध्ये चांगले ब्रोकर आहेत, लीथाआजीच्या मुलीने त्यांच्यापैकी कुणालातरी विचारावं. त्यांना तिकडची माहिती माझ्यापेक्षा जास्त असते.

आर्डेलमावशींना त्रास देऊ नकोस. तब्येत सांभाळ.

तुझी,
व्हर्नेटा

*

हमॉक बेट
१० मार्च १९९१

व्हर्नेटा पोरी,

तुझं पत्र आर्डेलने मला दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा ते लहानच निघालं.

कामात असलेल्या माणसाचं पत्र असं नसतं. तो बॉसला शिव्या घालतो, पाय दुखतात म्हणतो, जेवायला काय मिळालं नाही ते सांगतो. तुझ्या पत्रात नुसती घडी घातलेली वाक्यं. तरी मी काही विचारत नाही. विचारलं नाही हे मात्र लिहून ठेव, आर्डेल.

तुला यायला जमत नाही ना? मग मीच तुझं काम पुढे सरकवलं. डीकन आयझमकडे दारा-खिडक्यांच्या चौकटींना लावतो तो निळा रंग उरला होता. भूतं अडवणारा रंग आहे, म्हटलं, दाढीवाल्यालाही अडवेल. एक चांगली रुंद फळी घेऊन त्याच्याकडून बोर्ड रंगवून घेतला आणि लीथाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभा केला. वर तुझं नाव, व्हर्नेटा पोलाइट. खाली, 'घर व जमीन विकणे आहे, परवानाधारक'. त्याखाली, 'चौकशी शेजारी एव्हलिनाकडे'. आयझमने मला वाचून दाखवलं. (मी तेव्हा तापाने घरी पडून होते. – आर्डेल)

खरं सांगू? संध्याकाळी एकटी जाऊन मी त्या अक्षरांवरून बोट फिरवून आले. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर मला आता ओळखता येतं. खाली टोक केलेलं, बगळ्याच्या चोचीसारखं. ऐंशी वर्षांत एक अक्षर म्हणजे घाई केली म्हणायची.

बोर्डाचा उपयोगही झाला. सव्हाना शहरातलं एक शिक्षक जोडपं गाडी थांबवून उतरलं. नवरा हडकुळा आहे, बायको सारखी हसते. त्यांना राहायला घर हवंय. मी त्यांना भेंडी-कोळंबीचा रस्सा वाढला आणि म्हटलं, माझी नात आली की बोलू. तो दाढीवालाही गाडीतून हळू हळू गेला. बोर्ड वाचला, काहीतरी टिपून घेतलं आणि मला पाहून टोपी काढली. चांगली रीत दिसली.

आता तरी येशील ना?

आजी

*

कोलंबिया
२८ मार्च १९९१

आजी,

तो बोर्ड आजच काढ. हे पत्र वाचून होताच, आर्डेलमावशींना घेऊन जा आणि काढ.

मी तुला सांगायला हवं होतं. माझं लायसन्स चालू नाही. ते रद्द झालेलं नाही, नाव राज्याच्या परवाना मंडळाच्या पटावर आहे, पण निष्क्रिय आहे. हे लायसन्स माझ्या घरात टांगायचं नसतंच. एखाद्या ब्रोकरच्या हाताखाली, त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर ते असेल तोवरच मला काम करता येतं. हॅडलीसाहेबांचं ऑफिस मी सोडलं तेव्हा त्यांनी ते उतरवून मंडळाकडे परत पाठवलं. तेव्हापासून ते तिथेच आहे. मी इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसते.

निष्क्रिय असताना मला कुणाचं घर दाखवता येत नाही, कुणाच्या वतीने बोलता येत नाही, आणि बोर्डावर नाव तर अजिबात लावता येत नाही. लावलं तर असलेलंही जातं, कायमचं. कुणीतरी मंडळाकडे तक्रार केली आहे, आजी. बोर्ड कुठे आहे, काय लिहिलंय, सगळं कळवलंय. मंडळाने मला विचारलंय की परवाना निष्क्रिय असताना मी जमिनीचा धंदा करते आहे का.

मी खोटं बोलले नाही तुझ्याशी. फक्त सांगितलं नाही.

व्हर्नेटा

*

हमॉक बेट
७ एप्रिल १९९१

व्हर्नेटा,

बोर्ड काढला. आयझमने उपटला आणि लीथाच्या घराखाली, खांबांमध्ये उलटा टेकवून ठेवला. ज्याने टोपी काढली त्यानेच तक्रार केली हे आता माझ्या डोक्यात शिरलं. पुढच्या वेळी संत्री आणली तर सालीसकट परत देईन.

तुझं पत्र आर्डेलने वाचलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तीन वेळा तेच ताट निवडलं.

आता मला समजलं ते बरोबर आहे का बघ. आपल्या चर्चच्या पटावर अशी कितीतरी नावं आहेत. न्यूयॉर्कला गेलेले, रुसून बसलेले, दारू सुटेना म्हणून तोंड न दाखवणारे. नाव कुणी खोडलेलं नाही. पण त्यांना सभेत हात वर करता येत नाही, भाकर आणि द्राक्षरस फिरवायला उभं राहता येत नाही. परत यायचं तर सगळ्यांसमोर पुढे यायचं आणि पास्टरने पुढे केलेला उजवा हात धरायचा. तुझं लायसन तसं निजलंय. मग तुझ्या मंडळात उजवा हात कोण पुढे करतं? मी त्यांच्या पास्टरशी बोलू का? (त्यांना पास्टर नसतो हे मी सांगून दमले. – आर्डेल)

बोर्ड मी लावला. तुझ्या माथी ते येऊ देणार नाही. जो येईल त्याला मीच सांगेन.

एक विचारते. मागे म्हटलं होतं विचारणार नाही, ते आर्डेलने खोडावं. हॅडलीसाहेबांच्या भिंतीवरून ते लायसन कधी उतरलं? आर्डेल म्हणते हे लिहू नये. मी म्हटलं, लिही. मला उत्तर ठाऊक आहे असं वाटतं. अलोन्झोला पुरून गेलीस त्यानंतर तू या बेटावर पाऊल ठेवलेलं नाहीस.

आजी

*

कोलंबिया
२ मे १९९१

आजी,

हो. त्याच महिन्यात.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. आर्डेलमावशी हे वाचतील, त्याला इलाज नाही. मावशी, सावकाश वाचून दाखवा.

त्या सकाळी मी एका जोडप्याला घर दाखवत होते. मालक आधीच दुसऱ्या गावी गेले होते. घरात एक खुर्चीही नव्हती. अलोन्झो बसच्या आगारात, हातात पाना घेऊन कोसळला. त्यांनी आमच्या ऑफिसात फोन केला. मी कोणत्या घरात आहे ते ऑफिसला ठाऊक होतं, तिथला नंबरही होता. पण फोन तोडलेला होता. ऑफिसातली बाई नंबर फिरवत राहिली, मग स्वतः गाडी काढून निघाली. तोवर मी त्या जोडप्याला पुढच्या घरी घेऊन गेले होते.

तो इस्पितळात माझं नाव घेत होता असं त्याच्या सोबत्याने सांगितलं. मी त्या वेळी स्वयंपाकघरात उभी राहून हात पसरून सांगत होते, "इथे सकाळचं ऊन येतं."

त्यानंतर हॅडलीसाहेबांनी मला एका रिकाम्या घराची किल्ली दिली. मी कुलपात घातली आणि फिरवता येईना. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. ते भले माणूस आहेत. त्यांनीच लायसन्स काढून पाकिटात घातलं आणि पाठवून दिलं.

मंडळाला मी कळवलंय की बोर्ड माझ्या नकळत लागला आणि समजताच काढला. तुझं नाव लिहिलेलं नाही. ते एक माणूस पाठवणार आहेत.

उजव्या हाताचं विचारलंस. पास्टर लागत नाही. थोडे दिवस वर्गात बसायचं, नवे नियम शिकायचे आणि एखाद्या ब्रोकरने आपल्या भिंतीवर जागा द्यायची. हे जूनअखेर नाही केलं तर निजलेलं लायसन्स मरतं, मग परीक्षेपासून सगळं पुन्हा. मी ते मरू देणार आहे. इस्पितळाच्या खिडकीवर निदान फोन सारखा वाजत असतो.

लीथाआजीसाठी मला काहीच करता येत नाही. मला माफ कर.

व्हर्नेटा

*

हमॉक बेट
२६ मे १९९१

व्हर्नेटा पोरी,

तुझं पत्र आर्डेलने सावकाश वाचलं. दोनदा थांबली. मीही तिला घाई केली नाही. त्यावर मी काही बोलणार नाही, बोलण्यासारखं ते नाही.

मंडळाचा माणूस येऊन गेला. लांबट, घामेजलेला, कोट न काढणारा. ओसरीवर मी आणि लीथा वाटाणे सोलत होतो. त्याने मला विचारलं, "मिसेस केपर्स, हा बोर्ड कुणी लावला?"

"मी लावला."

"त्यावर काय लिहिलंय ते माहीत होतं तुम्हाला?"

"आयझमने वाचून दाखवलं तेवढं. मला वाचता येत असतं तर तुमचं काम मीच नसतं केलं?"

"तुमच्या नातीने लावायला सांगितलं होतं?"

"साहेब, माझी नात मला गेली दोन वर्षं काहीच सांगत नाही. बोर्ड लावायला सांगितला असता तर मी आनंदाने नाचले असते."

त्याने टिपून घेतलं. मग आयझमने घराखालून बोर्ड काढून आणला. त्या माणसाने तो पुरा वाचला आणि म्हणाला, "रंग चांगला आहे." आयझम खूश झाला.

मग लीथाने त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "मग माझं घर विकायला मला कसलं लायसन लागतं?"

"तुम्हाला? काहीच नाही, मॅडम. मालकाला लागत नाही. लायसन्स लागतं ते दुसऱ्याच्या वतीने, मोबदला घेऊन विकणाऱ्याला."

लीथाने वाटाण्याची शेंग खाली ठेवली. "एव्हलिना," ती म्हणाली, "हे तुला चर्चमध्ये उभं राहायच्या आधी विचारता आलं नाही?"

आम्ही हसलो. तो माणूसही हसला, पण कोट घालून हसतात तसा.

आयझमने बोर्ड घासून पुन्हा रंगवला, या वेळी लीथाच्या नावाने. सव्हानाच्या त्या जोडप्याला निरोप गेला. आणि पोरी, घर लीथाने स्वतः दाखवलं. मी मदत करायला उठले तर म्हणाली, "तू बस. तुझ्याकडे लायसन नाही." एक हात भिंतीवर ठेवून ती पुढे, ते दोघं मागे. कुठली पायरी कुरकुरते, कुठल्या खिडकीतून भरतीचा वास आधी येतो, तिचा थोरला मुलगा कुठे जन्मला, सगळं भिंतीला विचारल्यासारखं सांगत गेली. स्वयंपाकघरात आली आणि तळहात वर करून उभी राहिली. हातावर ऊब लागेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "इथे सकाळचं ऊन येतं."

मी दारात होते. मला तू आठवलीस. घर दाखवणारं माणूस हेच सांगतं, व्हर्नेटा. तू त्या दिवशी तुझं काम करत होतीस.

मग ती त्यांना पाण्याकाठी घेऊन गेली. एकेका थडग्यापाशी थांबून नावं सांगितली. थडग्यांवर ठेवलेले, गेलेल्यांच्या वापरातले कप, घड्याळं, फुटक्या बश्या बघून त्या बायकोने नुसती मान लववली. लीथाचं तिथेच ठरलं, घर यांनाच द्यायचं. ब्यूफर्टच्या वकिलाने पाण्याकाठची वाट सगळ्यांना कायम मोकळी असं खरेदीखतातच घातलं. आता मालक कुणीही येवो.

तेव्हा इथे तुझी गरज उरलेली नाही. लीथाचं काम झालं, माझा चर्चमधला शब्दही कसाबसा तगला. तुझं लायसन जगो नाहीतर मरो, या बेटाचं काही अडत नाही. ते आता फक्त तुझं आहे. म्हणून विचार करून ठरव, आमच्यासाठी नको.

एक राहिलंच. मोठ्या भरतीने अलोन्झोचा पिवळा मग आडवा झालाय. थडग्यावरची वस्तू दुसऱ्याने हलवायची नसते, मी हात लावलेला नाही. ठेवला होतास तू.

आजी

*

कोलंबिया
३० जून १९९१

आजी,

त्या दिवशी बेटावर येऊन अलोन्झोचा पिवळा मग सरळ उभा करून परत फिरले तेव्हा तू ओसरीवरच बसून होतीस. मागे मागे आली नाहीस, काही विचारलं नाहीस, नुसता तांबडा भात पुढे ठेवलास. तेव्हा तुला काही सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

मंडळाने लेखी समज देऊन प्रकरण मिटवलं. त्या माणसाने आपल्या अहवालात तुझं बोलणं जसंच्या तसं घातलंय. कुणीतरी इस्त्री न फिरवता लिहिणारा भेटला तुला.

मी वर्गात जाऊन बसले. सगळे माझ्यापेक्षा लहान होते. इस्पितळाची खिडकी सुटली नाही, पण शनिवार-रविवार मोकळा असतो. इथे ऑटिली मॅक म्हणून एक ब्रोकर बाई आहेत, फार कडक. त्यांनी विचारलं, "मध्ये दोन वर्षं काय करत होतीस?" मी म्हटलं, "निजले होते." शुक्रवारी त्यांनी माझं लायसन्स भिंतीवर टांगलं. जरा तिरकं लागलंय, पण मी तसंच राहू दिलं.

आणि एक किल्ली दिली. आज सकाळी मी त्या घरी एकटीच गेले. कुलूप उघडायला वेळ लागला. आत काहीही नव्हतं, फक्त स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोन. मी आधी तो उचलून पाहिला. आवाज येत होता. तो कानाला लावून बराच वेळ उभी राहिले. मग सगळ्या खिडक्या उघडल्या.

येत्या शनिवारी तिथे माणसं बघायला येणार आहेत. मी आत जाईन असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

व्हर्नेटा

*

हमॉक बेट
९ जुलै १९९१

व्हर्नेटा पोरी,

लीथा गेली फिलाडेल्फियाला. स्टेशनवर मी तिचा हात धरला तर म्हणाली, "कोण, आयझम?" जाताजाताही सोडलं नाही तिने.

सव्हानाची माणसं राहायला आली. त्यांची ती हसरी बायको पाण्याकाठच्या वाटेवरचं गवत आपणहून कापते. बोर्डाची फळी त्यांना नको होती, मी मागून आणली. घासलेल्या रंगाखाली तुझं आधीचं नाव आहे हे मला आणि आयझमला ठाऊक आहे. तिचा ओसरीवर बाक केलाय. निळी बाजू खाली, बसून बसून नाव झिजू नये म्हणून.

तू त्या माणसांना आत नेलंस की नाही ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मी विचारत नाही. या वेळी खरंच विचारत नाही. पण एक काम कर. आर्डेलच्या स्वयंपाकघरात फोन आहे. अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात, कालवं फोडायच्या कारखान्यात टोपल्या मोजून शिकले. तू रिकाम्या घरात जाणार असशील तेव्हा तिथला नंबर आधी आर्डेलला कळव.

मी वाजवीन. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसेल. भेंडी आली का, भरती किती वर आली, एवढंच. तू उचल, आणि "आहे, आजी" म्हण.

मग माणसांना आत ने.

तुझी,
आजी